आचार्याच्या अंगणातल्या विड्या

माझा नवरा दारू पीत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी हकिकत ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. दारू नाही, जुगार नाही, बाहेरची बाई नाही. साधं पानसुद्धा खात नसे. पांढराशुभ्र पायजमा, वर पांढरी बंडी, सरकारी कचेरीतली नोकरी आणि मोठा गोड गळा. आणि तो मला मारायचा. शुद्धीत, विचार करून, दिसणार नाही अशा जागी. पिणारा नवरा मारतो तेव्हा बाईला निदान दारूला शिव्या देता येतात. मला तेवढीही सोय नव्हती.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. जरीपटक्याच्या बाजारापलीकडे आमची वस्ती, सगळी बौद्धांची. दीक्षा झाली तेव्हा मी लहान होते, वडिलांच्या खांद्यावर बसून ती गर्दी पाहिली होती. आमच्यात लग्नाला भटजी नसतो. ज्याला वंदना पाठ आहे आणि ज्याचं वागणं नीट आहे, असा कुणीही उपासक लग्न लावू शकतो. आमच्या वस्तीत ते काम माझा नवरा करायचा. लहानथोर सगळे त्याला आचार्य म्हणायचे. तो नवरदेवाकडून वचनं म्हणून घ्यायचा, मी पत्नीचा सन्मान करीन, तिचा अपमान करणार नाही, आणि ऐकताना म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याची तालीम घरी चालायची. मला समोर बसवून तो सगळा विधी म्हणायचा. कधी मी नवरी, कधी नवरदेव, कधी जमलेली मंडळी. चुकलं तर मी सांगायचं आणि मी सांगितलं की त्याला राग यायचा. बाहेर तो पुस्तकी मराठी बोलायचा. मारताना मात्र आपल्या गावच्या बोलीत यायचा.

घर त्याचं नव्हतं, हेही सांगायला हवं. ते माझ्या वडिलांनी बांधलेलं. विटा आईनं डोक्यावर वाहिलेल्या, जोतं वडिलांनी स्वतः घातलेलं. मी एकुलती एक. आईवडील गेल्यावर आम्ही दोघं आणि आमची लहान मुलगी तिथं राहायला आलो. त्या घरात निर्धास्त झोपता यावं, एवढीच माझी इच्छा होती. माझ्या बापाच्या घरात, माझ्या मुलीला कुशीत घेऊन.

एकदा मी वस्तीच्या पंचकमिटीकडे गेले. तीन वडीलधारी माणसं विहाराच्या ओट्यावर बसली होती. मी सांगितलं, ते खाली बघत ऐकत राहिले. मग त्यातले सगळ्यांत मोठे म्हणाले, "हे पाय बाई, तो समाजाचा माणूस हाये. उद्या बाहेरचे लोक हासतीन. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू काही दिवस माहेरी जाऊन राय."

मी म्हटलं, "दादा, मी माहेरातच बसून आहो."

त्यांना माझं बोलणं कळलं की नाही कोण जाणे. चहा घे म्हणाले. मी चहा घेतला नाही. पोलीस चौकीतही जाऊन आले होते मी, तिथला हवालदार घरचा मामला घरीच मिटवा म्हणाला होता. कमिटीपेक्षा त्याचा मला कमी राग आला. तो परका होता.

वस्तीतल्या बहुतेक बाया विड्या वळायच्या, मीसुद्धा. सकाळची कामं उरकली की आम्ही सगळ्या एका म्हातारीच्या अंगणात सूप मांडीवर घेऊन बसायचो. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हात चालतात, तोंड चालतं. संध्याकाळी सट्टेदाराकडे, म्हणजे कारखान्याच्या मुकादमाकडे, माल द्यायचा. ती म्हातारी विधवा होती, सगळ्यांची मावशी. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि तिचं बोलणं खोडायची कुणाची छातीही नव्हती.

एकदा त्यानं माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट मागे वाकवलं. काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला. विडी त्याच बोटावर वळते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी चिंधी बांधून बैठकीत बसले. पान कापता येईना, वळता येईना.

मावशीनं विचारलं, "का झालं वं बोटाले?"

"दारात सापडलं."

"तुह्या घरचं दार मोठंच मारकं दिसते."

कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं माझ्या शेजारणीनं आपल्या सुपातल्या मूठभर विड्या उचलून माझ्या सुपात टाकल्या. मग तिच्या पलीकडचीनं. एकीनंही मान वर केली नाही. संध्याकाळी माझं सूप भरलं होतं आणि सट्टेदाराला काही वेगळं दिसलं नाही. बोट बरं होईपर्यंत रोज तसंच चाललं. कमिटीच्या ओट्यावर माझे डोळे कोरडे राहिले होते. दुसऱ्यांनी वळलेल्या त्या विड्या बघून मात्र मी रडले.

तेव्हा मावशीनं माझ्या तोंडून सगळं काढून घेतलं. मी एकेक सांगत गेले तशा कैच्या थांबत गेल्या. मी म्हटलं, मुलीला घेऊन कुठंतरी निघून जाते.

"तू काहून जाशीन?" मावशी म्हणाली. "घर तुह्या बापाचं. जाईन तं तो जाईन. उद्यापासून बैठक तुह्या अंगणात."

दुसऱ्या दिवशी तो कचेरीतून आला तेव्हा अंगण भरलं होतं. पानांची पोती, तंबाखूचे डबे, भर टाकायला बायांची शेंबडी पोरं. तो दारातच थांबला. आवाजात साखर घालून म्हणाला, "आज इकडे कसं काय?"

मावशीनं पान कापता कापता सांगितलं, "आचार्य, तुमीच तं जयंतीच्या भाषणात बोलले, बायांनी एका जागी बसा, एकजूट करा. आमी बसलो."

खरंच बोलला होता तो तसं. टाळ्याही पडल्या होत्या. आता आपल्याच भाषणाला नाही कसं म्हणणार? तो आत गेला. मी त्याच्यासाठी चहा ठेवला आणि चहाला उकळी येईपर्यंत उघड्या दारातून बाहेरच्या बायांकडे पाहत राहिले. लग्न झाल्यापासून त्याच्या पावलांचा कानोसा न घेता चहा केला, असा तो पहिला दिवस.

मग बायांना चेव आला. संध्याकाळी तो तालमीला बसला की यांना नेमकी तेव्हाच तंबाखू चाळायची असे. बारीक पूड घरभर उडायची. आम्हाला तिची सवय होती. त्याला ठसका लागायचा, डोळे चुरचुरायचे, पांढऱ्या बंडीवर तांबूस थर बसायचा. एक जण म्हणायची, "गळा धरला का आचार्य? गरम पाणी पेत जा." दुसरी म्हणायची, "मिठाच्या गुळण्या करा न." महिन्याभरात त्याचा तो गोड गळा घोगरा झाला. त्याच्या गळ्याची खरखर ऐकताना मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढं फार थोड्या गोष्टींनी झाला. वाईट वाटायला हवं होतं का? मला नाही वाटलं.

दिवसाचं असं झालं, पण रात्र मोठी असते. त्याचीही सोय बायांनी लावली. रोज कुणी ना कुणी बाई गोधडी बगलेत मारून माझ्याकडे झोपायला यायची. घरी पाहुणे आलेत, नवऱ्याशी वाजलं, खाटेत ढेकूण झालेत. त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या ढेकणांचं फार नाव झालं. ती बाई मला आणि मुलीला आतल्या बाजूला घेऊन दाराला पाठ लावून झोपायची आणि हा अंगणात खाटेवर कूस बदलत राहायचा. कमिटीकडे तक्रार घेऊन गेला तो. कमिटीतले मोठे आमच्या अंगणात येऊन घसा खाकरून गेले. मावशी म्हणाली, "आमी विड्या वळून राहिलो, दादा. यात का वाईट हाये?" त्यांच्याच घरची सून तिथं बसून दोरा गुंडाळत होती. ते गेले.

पण तो वाट बघत होता. मारणारा माणूस वाट बघायला कंटाळत नाही.

लग्नसराईत आमच्याच बैठकीतल्या एका मुलीचं लग्न निघालं. वळायला सगळ्यांत चपळ आणि सगळ्यांत खोडकर पोरगी ती. तिच्या बापानं लग्न लावायला अर्थात आचार्यांनाच सांगितलं, दुसरा होताच कोण? लग्नाच्या सकाळी सगळ्या बाया तिच्या घरी स्वयंपाकाला लागल्या. माझी मुलगीही त्यांच्या मागं गेली. बैठक नव्हती. कितीतरी दिवसांनी माझं अंगण रिकामं होतं आणि घरात आम्ही दोघंच.

त्यानं मला फक्त कानावर मारलं. उघड्या तळव्यानं, सगळा जोर लावून, आणि परत मारलं. मग शांतपणे हात धुतले, इस्त्रीचे पांढरे कपडे घातले, आरशात भांग पाडला आणि विहाराकडे गेला. मी बराच वेळ जमिनीवर बसून होते. एका कानात शिट्टी वाजत होती. ती थांबलीच नाही. तो कान आजही ऐकत नाही.

पदर घट्ट ओढून मी लग्नघरी गेले. नवरीला पांढरी साडी नेसवायची होती, ते काम मीच मागून घेतलं होतं. निऱ्या काढायला वाकले तसा पदर सरला. पोरीनं माझा कान पाहिला. रक्त मानेपर्यंत येऊन सुकलं होतं.

"आज?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. तिनं माझ्या हातातल्या निऱ्या काढून घेतल्या आणि स्वतःच खोचल्या. मावशीला हाक मारली. मला म्हणाली, "तू तोंड धू, बाई. कान तसाच राहू दे. मंडपात समोर बस."

मंडप विहारापुढे. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. नवरदेवाकडची मंडळी उमरेडकडच्या एका खेड्यातून आलेली, साधी, उन्हानं रापलेली माणसं. तो समोर उभा राहिला. त्रिशरण झालं. मग पंचशील. हिंसा करणार नाही म्हणाला, आम्ही सगळे त्याच्यामागून म्हणालो. खोटं बोलणार नाही म्हणाला, आम्ही म्हणालो. त्याच्या घोगऱ्या आवाजातही एक ऐट होती. मग नवरदेवाची वचनं आली. आमच्या वस्तीत एकेक वचन झालं की जमलेली मंडळी साधु, साधु, साधु म्हणतात. म्हणजे आम्ही ऐकलं, आम्हाला मान्य आहे.

"मी माझ्या पत्नीचा सन्मान करीन."

नवरदेव म्हणाला. पुरुषांच्या बाजूनं साधु आलं. बायांच्या बाजूनं काहीच आलं नाही. तो जरा थांबला. त्याला वाटलं, गर्दीत ऐकू गेलं नसेल.

"मी तिचा अपमान करणार नाही."

आता पुरुषांचंही अर्धवट आलं. माना बायांकडे वळल्या होत्या. भरल्या मंडपात एवढ्या बाया आणि एकीच्या ओठांची हालचाल नाही. लेकरंसुद्धा चूप. तो मोठ्यानं म्हणाला, "मंडळी, साधु म्हणा." नेहमी तो असं हसत म्हणायचा. त्या दिवशी हसू आलं नाही.

नवरी म्हणाली, "यांच्या तोंडचं वचन मले नाही पाहिजे."

तिचा बाप धावला, कमिटीतले उठले, अगं, अहो, हे काय, असा गलका झाला. मावशी उभी राहिली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण," ती म्हणाली आणि माझ्या दंडाला धरून तिनं मला उभं केलं, माझा पदर मागं सारला. मला लाज वाटली नाही. मी कान दिसेल अशी मान वळवली.

नवरदेवाचा बाप जागेवरून उठला. आमच्या वस्तीची झाकली मूठ त्याला ठाऊक नव्हती. तो थेट माझ्या नवऱ्यापुढे जाऊन उभा राहिला आणि त्यानं हळूच, आदरानं विचारलं, "आचार्य, हे तुमी केलं का?"

आता हो म्हणावं तर सगळं संपलं. आणि नाही म्हणावं, तर खोटं बोलणार नाही हे शील त्यानं स्वतःच्या तोंडानं, हात जोडून, सगळ्या वस्तीकडून आत्ताच म्हणून घेतलेलं. मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं बंडी खाली ओढून सारखी केली. शेवटी म्हणाला, "हा आमच्या घरातला विषय आहे."

"मंग समजलं," तो खेड्यातला माणूस म्हणाला. मग मंडपाकडे वळून त्यानं विचारलं, "इथं दुसऱ्या कोणाले विधी येते?"

बायांनी मला पुढं ढकललं. कमिटीतल्या एकानं बाईनं कसं लावायचं असं काहीतरी पुटपुटून पाहिलं. मावशीनं त्याला वळून एवढंच विचारलं की धम्मात कुठं तसं सांगितलंय. तो बसला. मी पुढं गेले. माझ्या नवऱ्याला बाजूला व्हावं लागलं. मला सगळं पाठ होतं, एकही शब्द चुकणार नव्हता. त्यानंच ते माझ्यात भरलं होतं. मी नवरदेवाकडे बघून वचन सांगायला हवं होतं. मी माझ्या नवऱ्याकडे बघून सांगितलं. मी माझ्या पत्नीचा अपमान करणार नाही. आणि बायांचा साधु असा आला की मला तो बहिऱ्या कानानंही ऐकू आल्यासारखा वाटला. एकेक वचन मी सावकाश म्हटलं. घाई कशाला करायची? तो उभा राहून ऐकत होता आणि मला ते हवंच होतं. जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा तो कुठं दिसला नाही.

त्या रात्री बायांनी त्याची ट्रंक अंगणाबाहेर ठेवली. त्यानं ती नेली. काही दिवस एका सोबत्याकडे राहिला, मग बदली मागून दुसऱ्या जिल्ह्यात गेला. कमिटी पुन्हा आली. तो विहारात सगळ्यांपुढे माफी मागायला तयार आहे, म्हणाले. मनात वैर ठेवू नये, मैत्री करावी, म्हणाले. मी म्हटलं, मैत्री मी सगळ्या जगाशी करते, एवढा एक सोडून. त्यांना ते आवडलं नाही. त्यांना आवडावं म्हणून मी बोलले नव्हते. पुढं वस्तीतली लग्नं लोक मला लावायला सांगू लागले. मुलगी त्याच अंगणात, पानांच्या पोत्यांवर अभ्यास करून मोठी झाली.

कितीतरी वर्षांनी, मुलगी नोकरीला लागली होती तेव्हा, तो आला. उन्हाळ्याची भर दुपार. अंगणाच्या फाटकाबाहेर एक वाकलेला माणूस, हातात पिशवी, चपलेचा अंगठा तुटलेला. नोकरी संपली होती. आता राहायचं कुठं, असा त्याचा चेहरा होता. "पाणी मिळेल का?" त्यानं विचारलं.

माझ्या वडिलांना लहानपणी गावात कुणी दारात उभं करत नसे. ओसरीपासून लांब, उन्हात थांबवून, वरून ओंजळीत पाणी ओतायचे. म्हणून हे घर बांधलं तेव्हा त्यांनी एक रीत घालून दिली. कुणीही येवो, कुठल्याही जातीचा, ओळखीचा, अनोळखी, त्याला आधी घरात घ्यायचं, खाली बसवायचं आणि मग पाणी द्यायचं. उंबऱ्याबाहेर पाणी द्यायचं नाही. ती रीत मी जन्मभर पाळली. बोहारीण असो, भिकारी असो, त्या हवालदाराच्या चौकीतला शिपाई असो.

मी माठातून गडवा भरला आणि फाटकापाशी गेले. फाटक उघडलं नाही. त्यावरून हात बाहेर काढून गडवा त्याच्यापुढे धरला. त्याला ती रीत माहीत होती, माझ्या वडिलांच्या हातून त्यानंही या घरात बसून पाणी प्यायलेलं होतं. त्यानं गडव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाहेरच?" तो म्हणाला.

"बाहेरच," मी म्हटलं. "ओंजळ करा."

त्याला तहान लागली होती. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि ओंजळ केली.